गाडीतलं सागवान

प्लायवूडला मी लाकूड मानत नाही. कुठल्या तरी पोचट झाडाच्या साली काढायच्या, एकावर एक चिकटवायच्या, वरून सनमायका मारायचा आणि गिऱ्हाईकाला म्हणायचं, घ्या कपाट. गोंडपिपरीला माझं सुतारकामाचं दुकान आहे. तिथे कोणी प्लायचं काम घेऊन आला की मी त्याला चहा पाजतो आणि दुसऱ्या दुकानाचा रस्ता दाखवतो. बायको म्हणते, तुम्ही धंदा करता की कीर्तन. पण माझा बाप बल्लारशाला लाकडाच्या डेपोत हमाल होता. त्याने आयुष्यभर दुसऱ्याचं सागवान खांद्यावर वाहिलं आणि मला एकच गोष्ट शिकवली, की सागवान सोडून बाकी सगळं सरपण. ही अक्कल मी तीस वर्षं मिरवली. त्या मिरवण्यापायी माझ्या धाकट्या बहिणीचं घर गेलं. तू केलंस ते चांगल्या मनाने केलंस, असं लोक माझी समजूत काढायला म्हणतात. चांगल्या मनाचं काय लोणचं घालायचं?

बहीण अहेरीला भाड्याच्या एका खोलीत राहायची. जवाई, म्हणजे तिचा नवरा, अहेरी ते चंद्रपूर पॅसेंजर गाडी चालवायचा. सतरा सीटांची, उंच टपाची मोठी व्हॅन, स्वतःची. सकाळी अहेरी सोडायची, वाटेत माणसं घेत-उतरवत चंद्रपूर गाठायचं, रात्री तिथेच स्टँडच्या मागे शेवटच्या सीटवर आडवं व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी परत. बावीस वर्षं हा क्रम चालला. म्हणजे बहिणीच्या संसारातला निम्मा नवरा स्टँडवर झोपला, आणि उरलेला निम्मा घरी यायचा तोही झोपायलाच. मुलगी झाली, मोठी झाली, लग्न होऊन नागपूरला गेली. ते सगळं बहिणीने एकटीने काढलं. एकदा उन्हाळ्यात माझ्याकडे आली असताना ती माझ्या बायकोला हसत म्हणाली, "वयनी, माया घरी नवरा पाहुणा म्हणून येते. त्याईले खायाले काय आवडते तेबी मले माहीत नाई." बायको हसली. मी रंधा चालवत ऐकत होतो. मला हसू आलं नाही.

मग एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं. बायकांचं भलं झालं, त्याबद्दल वाद नाही. माझी बहीणसुद्धा नवऱ्याची गाडी सोडून एस.टी.नेच माहेरी यायला लागली. पण जवायाच्या गाडीत निम्म्याहून जास्त बायाच बसायच्या. त्या उतरल्या, मग त्यांच्या सोबतची माणसंही उतरली. जवाई स्टँडवर तासन्‌तास ओरडायचा आणि चार-पाच जणांना घेऊन निघायचा. पुढेपुढे तो ओरडेनासा झाला.

एक दिवस तो गाडी घेऊन थेट माझ्या दुकानासमोर आला. कमी बोलणारा माणूस. गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "भाऊ, या सीटा काढाव म्हणतो. इथी घर करू."

मला आधी थट्टा वाटली. पण त्याने सगळा विचार करून ठेवला होता. अहेरीच्या पुढे जंगलातल्या गावांत लोक धान कांडायला सायकलवर पोतं लादून दहा-पंधरा किलोमीटर जातात. एका ट्रॉलीवर कांडायचं मशीन आणि डिझेल इंजिन बसवायचं, ती ट्रॉली या गाडीने ओढायची, गावोगाव फिरायचं आणि जिथे काम तिथे मुक्काम. गाडीतच रांधायचं, गाडीतच झोपायचं. बहीण सोबत राहणार, अहेरीची खोली सोडून देणार.

"तिले म्हणलो, आता कुठीबी गेलो तं दोघं जाऊ," तो म्हणाला, आणि लगेच वाकून टायर पाहायला लागला. बायकोविषयी एवढं बोलताना मी त्याला पहिल्यांदा ऐकलं. त्या टायरमध्ये पाहण्यासारखं काही नव्हतं. मी म्हणालो, आतलं सगळं काम माझं, आणि मजुरीचं नाव काढायचं नाही.

सीटा काढतानाच दोन दिवस गेले. बावीस वर्षांच्या खर्ऱ्याच्या, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या, थुंकीने बोल्ट असे गंजले होते की पाना लागेना. ग्राइंडरने कापावे लागले. खालच्या रबरी चटईखाली लहान पोरांच्या चपला, बांगड्यांचे तुकडे आणि एक चांदीचं जोडवं सापडलं. ते कोणाचं असेल याचा जवाई बराच वेळ विचार करत बसला. मग गाडी धुतली, पुन्हा धुतली, तरी आठवडाभर सुपारीचा वास जाईना. पत्र्याच्या आतून थर्माकोल लावला. काचांना मच्छरजाळी, टपावर सोलरची प्लेट, आत एक पंखा, एक बल्ब आणि पाण्याची टाकी. वायरिंग जवायाने स्वतः केलं. दुकानासमोर रोज दहा-वीस माणसं पाहायला जमायची आणि प्रत्येक जण काहीतरी शहाणपण सांगून जायचा. मीही त्यातलाच एक निघालो.

जवायाचं म्हणणं साधं होतं. "भाऊ, आतून प्लाय लावा. पाइपची फ्रेम करू, वरून प्लाय. हलकं राहील. मागं ट्रॉली ओढायची आहे."

मी म्हणालो, "माया बहिणीले मी सालीवर नाई झोपवत."

बहीण बाजूलाच उभी होती. तिला ते वाक्य आवडलं, तिच्या चेहऱ्यावर दिसलं. जवायाने हातातला टेप गुंडाळून ठेवला. मी आजही कधी त्या क्षणाशी जाऊन उभा राहतो आणि माझ्याच तोंडावर हात ठेवतो.

लाकूड माझ्याकडे होतं. आई असताना तिला घरकुल मिळालं, तेव्हा जुनं घर पाडलं होतं. कुडाच्या भिंती आणि कवेलूंचं छप्पर, पण खांब, मयाली म्हणजे छपराच्या आडव्या तुळया, आणि दाराची चौकट सागवानी. आजोबांच्या काळात गावाला जंगलातून निस्ताराचं, म्हणजे घरवापराच्या हक्काचं, लाकूड मिळायचं, त्यातलं ते. आठ वर्षं ते दुकानामागे टिनाखाली पडून होतं. मी कितीदा गिऱ्हाईकाला नाही म्हणालो होतो. आता वाटलं, आईच्या घराचं लाकूड लेकीच्या घराला लागतं आहे, याहून चांगलं काय.

रंधा मारला तशी वरची करडी, धुराने काळवंडलेली कातडी निघाली आणि आतून मधाच्या रंगाचं लाकूड बाहेर आलं. खिळ्यांची भोकं पुष्कळ होती. प्रत्येक भोकातला खिळा उपटून तिथे त्याच लाकडाची मेख बसवली, रेषेला रेष जुळवून, वरून भुसा आणि सरस, मग पुन्हा रंधा, मग पॉलिश. एवढं करायची गरज नव्हती. भोकं राहिली असती तर पलंग मोडणार नव्हता. पण मला ते सहन होत नव्हतं. मागच्या बाजूला आडवा पलंग, त्याखाली खण, डाव्या हाताला ओटा, भिंतीतून उघडणारी जेवायची फळी, वर कपड्यांच्या पेट्या. सगळं नुसत्या सांध्यांवर, बाहेरून एक स्क्रू दिसत नाही. महिन्याने काम झालं तेव्हा कुठल्या फळीत भोकं होती ते माझं मलाच सांगता आलं नसतं. बहीण आत शिरली, पलंगाच्या कडेवरून हात फिरवला आणि म्हणाली, "दादा, हे तं नवंच दिसून राह्यलं." मी फुगलो.

आता कागदाचं. आमच्या भागात सागवान हलवायचं तर वनखात्याचा परवाना लागतो, त्याला टीपी म्हणतात. शेंबडं पोरही हे जाणतं. माझ्या दुकानातून साधी चौकट चंद्रपूरला गेली तरी मी टीपी केल्याशिवाय सोडत नाही. जुन्या घराच्या लाकडाचाही कागद होतो. पंचायतीचा दाखला आणायचा, फॉरेस्टचा माणूस येऊन पाहतो, मग मिळतो. मला सगळं पाठ होतं. तरी केला नाही, कारण ते मला माल वाटलंच नाही. घरचं लाकूड, घरचं काम, घरचं माणूस. आमच्याकडे लेकीच्या लग्नात सागवानी पलंग आणि आलमारी ट्रॅक्टरवर घालून, बँड वाजवत चार गावं ओलांडून नेतात. फॉरेस्टच्या नाक्यावरचा माणूस बुंदी खातो आणि दांडा वर करतो. मुलीच्या पलंगाचा कागद मागितल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्या डोक्यात हा बहिणीला दिलेला पलंग होता. त्याला चाकं लागली आहेत, तो रोज जंगलातल्या नाक्यांवरून जाणार आहे आणि त्याच्यापुढे बँड नसणार आहे, एवढं माझ्या टाळक्यात आलं नाही.

भीती आम्हाला आरटीओची होती. सीटा काढल्या, मागे हूक लावला, गाडीचा वर्ग बदलला, म्हणून जवायाने दोन महिने चकरा मारून एकेक कागद केला. पॅसेंजरचं परमिट परत केलं, नवी नोंद, फिटनेस, इन्शुरन्स, हूकचा दाखला, सगळं एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून स्टिअरिंगजवळ ठेवलं. असा कागदांचा पक्का माणूस. लाकडाचं त्याने मला विचारलं नाही, कारण लाकूड माझं खातं होतं.

ट्रॉली जोडली त्या दिवशी गाडीचं मागचं अंग खाली बसलं आणि पुढचं उचललं. आत सागवान, मागे मशीन. नाकापेक्षा मोती जड. गॅरेजवाल्याने स्प्रिंगच्या पाट्यांत दोन पाटे वाढवून दिले आणि माझ्याकडे पाहून विचारलं, आत काय विहिरीचे दगड भरले काय. चढावर गाडी दुसऱ्या गिअरच्या पुढे जाईना. मी जवायाला विचारलं, कसं वाटते. तो म्हणाला, "चालते." प्लायचं नाव त्याने काढलं नाही.

धान कापून झालं होतं तेव्हा ते निघाले. बहिणीने खोलीची किल्ली घरमालकाला दिली आणि दोन पोती भांडी नात्यात वाटली. दोन आठवड्यांनी एका रविवारी मी मोटरसायकल घेऊन त्यांना पाहायला गेलो. अहेरीपासून बरंच आत, एका गावाच्या कडेला मोहाच्या झाडाखाली गाडी उभी होती. मशीन धडधडत होतं, कोंडा उडत होता, पोत्यांची रांग लागली होती. जवाई नखशिखांत पांढरा झालेला. बहीण रांगेतल्या बायांचे नंबर सांभाळत होती आणि त्यांच्याशी तोडकंमोडकं गोंडी बोलत होती. मला तिने गाडीत बसवून जेवायला वाढलं. मी फळी उघडली, बंद केली, खण ओढून पाहिला. ती म्हणाली, "याईले कारल्याची भाजी आवडते, दादा. दोन वेळा मांगून घेतली. बावीस वर्षं झाले, मी कधी केलीच नाई, मले वाटे कडू खातीन की नाई." तिने हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा सासरी नुकत्या गेलेल्या पोरीसारखा होता. मी घरी येईपर्यंत खुशीत गाणी म्हणत होतो.

त्यानंतर चारच दिवसांनी दुपारी जवायाचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही.

"भाऊ, लाकडाचा कागद कुठी आहे?"

मी दुकानात उभा होतो. काय झालं असेल ते सगळं त्या एका प्रश्नात मला कळलं. मी बसलो. तो म्हणाला, "नाई आहे ना?" आणि फोन ठेवला.

नाक्यावर पुढे एका ट्रकची तपासणी चालू होती म्हणून दांडा खाली होता. थांबलोच आहोत तर चहा ठेवू, असं बहिणीला वाटलं. तिने गाडीचं दार उघडलं, गॅस पेटवला आणि नाक्यावरच्या दोघांनाही कप दिले. त्यातला तरुण होता तो कप हातात घेऊन आत डोकावला. कौतुकानेच. मग त्याने पलंगाच्या कडेवर हात ठेवला, नखाने टोकरून पाहिलं आणि वास घेतला. "बाई, हे सागवान आहे ना? कुठून आणलं?" बहीण अभिमानाने म्हणाली, "माया भावानं बनवलं. पाहा, एक जोड दिसते काय." त्याने चहा संपवला, कप खाली ठेवला आणि टीपी मागितला. जवायाने फोल्डर पुढे केला. त्यातला एकही कागद त्याला नको होता. संध्याकाळपर्यंत पंचनामा झाला, गाडी जप्त झाली आणि फॉरेस्टच्या डेपोत उभी राहिली. वनगुन्ह्यात लाकडाबरोबर गाडीही जाते, हेही मला पाठच होतं. ट्रॉली तेवढी सोडून दिली. ती ओढायला गाडी नव्हती.

त्या तरुणाला मी शिव्या देत नाही. त्याने त्याचं काम केलं. मी माझं केलं असतं तर त्याला ते करावं लागलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी डेपोत पोचलो. रेंजर साहेब शांत माणूस होता, खुर्ची दिली. मी सगळं सांगितलं, आईचं घर, आजोबा, निस्तार. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "जुनं आहे म्हणता. मग जुनं दिसत का नाही? घराच्या लाकडाला खिळ्यांची भोकं असतात. एक भोक दाखवा."

दोन पंचांसमोर मी गाडीत गुडघ्यांवर बसलो आणि बॅटरी घेऊन माझंच काम तपासायला लागलो. पलंग, खण, ओटा, फळी, पेट्या. बोटं फिरवली, नखं लावली, फळ्यांना गाल लावून तिरपं पाहिलं. एक भोक सापडलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पंचांपैकी एक जण म्हणाला, "काम तं मस्त केलं भाऊ तुमी." मी साहेबांना म्हणालो, एक फळी चिरू द्या, आत खिळ्याचा काळा डाग असणारच, लोखंडाचा डाग सागवानातून जात नाही. साहेब म्हणाले, "मुद्देमालाला हात लावता येत नाही."

मग मी पंचायतीच्या दाखल्यामागे लागलो. सरपंच ओळखीचा होता, लगेच तयार झाला. पण रजिस्टर काढलं तर आईच्या जुन्या घरापुढे लिहिलेलं, कुडाचे कच्चे घर, लाकूड बांबू. घरकुलाच्या पाहणीच्या वेळी कोणीतरी सांगितलं होतं की सागवान दिसलं तर नाव कटते. खरं-खोटं कोणी पाहिलं नव्हतं. पण आम्ही चौकटीवर पोतं टाकलं, आईला पुढे उभं केलं आणि फोटो काढू दिला. पोतं मीच टाकलं होतं. तो फोटो फाइलमध्ये होता. आई त्यात नाकावर पदर घेऊन उभी होती, आणि तिच्या मागे सागवान कुठेच नव्हतं.

बहीण दोन पिशव्या घेऊन माझ्या घरी राहायला आली. मशीनची ट्रॉली नाक्याजवळच्या गावातल्या एका शेतकऱ्याने ट्रॅक्टरने ओढून नेली आणि पुढे जवायाने ती त्यालाच देऊन टाकली. जवाई तेलंगणात एका ट्रकवर लागला. महिन्यातून एकदा यायचा, ओसरीवर बसायचा, एक दिवस राहायचा आणि जायचा. पुन्हा पाहुणा, आणि आता तर माझ्या घरी. सासुरवाडीत कसं वागायचं असतं तसं तो वागायचा, ताटातलं सगळं संपवायचा, पुन्हा काही मागायचा नाही. मला तो कधी काही बोलला नाही. एकदाच, चहा पिता पिता, दुसऱ्याच कुठल्या तरी विषयातून म्हणाला, "मी प्लाय म्हणलो होतो." मी मान हलवली. तो उठून हात धुवायला गेला.

बहीण तर तेवढंही बोलली नाही. पहाटे उठायची, माझ्या बायकोच्या आधी चूल पेटवायची, दुकानातला भुसा झाडायची. दादा, जेवून घे. दादा, पाणी. एवढंच. तिने भांडावं, ताट फेकावं, शेजारच्यांना सांगावं की माझ्या भावाने माझं वाटोळं केलं, असं मला वाटायचं. कितीदा मीच विषय काढायचो. ती म्हणायची, "होते असं," आणि कामाला लागायची. मी बायकोला म्हटलं, ही बोलत काऊन नाई. बायको म्हणाली, "तिले रडाले जागा कुठी आहे? हे तं तुमचं घर आहे." ते ऐकून मी त्या दिवशी दुकान उघडलं नाही.

तारखा पडत गेल्या. प्रत्येक तारखेला मी डेपोत जाऊन गाडी पाहून यायचो. दोन पावसाळे तिने उघड्यावर खाल्ले. टायर बसले, टपावर वेल चढला, उंदरांनी जवायाचं वायरिंग कुरतडून टाकलं. काचेला कपाळ लावून मी आत पाहायचो. छत गळून पलंगावर पाणी साचत होतं. आणि इतकं होऊनही एक सांधा उघडला नव्हता, एक फळी वाकली नव्हती. मला ते पाहून बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, क्षणभर. मग माझी मलाच इतकी किळस आली की मी नाक्यापर्यंत पायी चालत आलो आणि आलेली बस सोडून दिली.

शेवटी ऑर्डर झाली. लाकूड सरकारजमा, दंड भरून गाडी मोकळी. लाकूड आमच्याच खर्चाने काढून द्यायचं. ते काढायला माझ्याशिवाय कोण जाणार. मी हत्यारांची पेटी घेऊन गेलो. पेट्या निघाल्या, खण निघाले, पण पलंगाची आडवी मयाल निघेना. माझाच सांधा, तो मला सोडेना. शेवटी करवत लावली. अर्ध्यात गेल्यावर दात किंचाळले. लाकूड दुभंगलं तर आत तुटलेला खिळा, बोटभर लांब, हाताने घडवलेला, आणि त्याच्याभोवती शाईसारखा काळा डाग पसरलेला. माझ्या हातून सुटलेला तेवढा एकच. पंच गोळा झाले. साहेब बाहेर आले, वाकून पाहिलं, डागावर अंगठा घासला.

"हे तर जुनंच आहे," ते म्हणाले.

"हो, साहेब."

त्यांनी अंगठा रुमालाला पुसला. "आता ऑर्डर झाली. अपील करता येईल तुम्हाला." किती दिवस लागतील ते मी विचारलं. ते ऑफिसात निघून गेले. वरातीमागून घोडं. उरलेलं लाकूड मी मोजून दिलं आणि पावती घेतली.

इंजिन सुरू होण्यासारखं नव्हतं. ट्रॉली ओढायला तयार केलेली गाडी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला टोचन लावून, दिवसभर रखडत, गोंडपिपरीला आणली आणि दुकानासमोर उभी केली. बहीण ओले हात पदराला पुसत बाहेर आली. मागचं दार उघडून तिने आत पाहिलं. नुसता पत्रा होता, ओला, आणि पाणी साचल्याच्या रेषा. मी तिच्या मागे उभा राहून घाईघाईने बोलत सुटलो. इंजिनचं पाहू, छत बदलू, जवाई म्हणतील तसं करू, सगळं हलकं, प्लाय तर प्लाय, दीड महिन्यात तुला उभं करून देतो, या वेळी एकही गोष्ट माझ्या मनाची करणार नाही.

तिने दार लावलं.

"नको, दादा."

"काऊन?"

"तू केलेलं काईबी नको मले आता."

आवाज चढलेला नव्हता. भाजीवाल्याला आज भाजी नको म्हणावं तशी म्हणाली. रागाने म्हणाली असती तर मी तिचे पाय धरले असते, निदान भांडलो असतो. दोन वर्षं मी तिच्या तोंडून असंच काहीतरी ऐकायची वाट पाहिली होती. ते एकदा ऐकलं की छातीवरचं उतरेल असं मला वाटत होतं. उतरलं नाही. तिला कुठला शब्द शोधावा लागला नव्हता. तो तयारच होता, आणि इतके दिवस माझ्या घरात राहते म्हणून तिने तो जपून ठेवला होता.

ती आत गेली. मी गाडीला टेकून उभा राहिलो. थोड्या वेळाने खिडकीतून तिचा आवाज आला, ती नवऱ्याशी फोनवर बोलत होती. "आली गाडी. हो, पाह्यली. विकून टाका." मग म्हणाली, "या महिन्यात येता काय?" पलीकडून तो काहीतरी सांगत असावा. ती बराच वेळ नुसती हो, हो, म्हणत राहिली.